आटपाडीचा दाखला

माणसाला वळण लावावयाचे ते भयानेच, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे फार जुना असून शाळेत तो छडीचा, घरात धाकाचा आणि न्यायदानात वाढीव शिक्षेचा कैवार घेत आला आहे. त्याच्या समोर, ममतेच्या एका दृष्टिक्षेपाने वाल्याचा वाल्मीकी होतो असे मानणारा दुसरा पक्ष उभा आहे, आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आल्यापासून त्याला मोठेच बळ चढले. मौज अशी की, ज्या प्रयोगावरून हा बोलपट सुचला, तो नीट पाहिला तर दोन्ही पक्षांच्या हाती काही लागत नाही.

हा प्रयोग औंध संस्थानातला. त्याची गादी आजच्या सातारा जिल्ह्यात, पण संस्थानचा आटपाडी महाल आज सांगलीत मोडतो. तेथे, माणदेशाच्या कोरड्या माळावर, १९३९ साली संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसविली. तिला तट नाही. कैदी शेती करतो, बायकामुले जवळ ठेवतो. बोलपटाचे कथाकार ग. दि. माडगूळकर हेही याच माणदेशचे.

भयवाद्यांना प्रथम प्रयोगशाळेचाच दाखला देतो. स्वतंत्रपूर वसण्याच्या आदल्याच वर्षी, १९३८ साली, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचा वर्तनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एका प्रयोगात, दांडी दाबून अन्न मिळविण्यास सरावलेल्या उंदरांचे अन्न बंद करून, त्यांपैकी काहींच्या पंज्यांवर दांडी दाबताच फटका बसेल अशी योजना केली होती. फटका खाल्लेले उंदीर काही काळ दबकले. परंतु फटके थांबताच ते पुन्हा दांडीकडे वळले, आणि अखेरीस दोन्ही गटांची बेरीज जवळजवळ सारखीच भरली. शिक्षेने खोड दबते, पण जात नाही. पहारा उठला की ती पुन्हा डोके वर काढते.

त्याहूनही बोलका दाखला घरचाच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा अंमल पुढे मुंबई इलाख्यात आला, आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील वारणेकाठच्या मांगांवर चावडीवरील हजेरीचा जाच कसा बसला, हे अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ कादंबरीत आले आहे. चोरी केली त्यालाही हजेरी, न केली त्यालाही हजेरी! ज्या बंदोबस्तात नेकीने वागणाऱ्याच्या पदरात बदमाशाइतकेच पडते, त्याला वळण लावणे म्हणणे हा शुद्ध कांगावा होय. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. बंदिस्त तुरुंगाचा दोष याच जातीचा आहे. शिक्षेतील माफीचे मोजके दिवस वजा केले, तर बराकीतील माणसाच्या दिवसभराच्या वागण्याला फळच येत नाही. भाकरी ठरलेली, कुलूप ठरलेले, उठण्याची घंटा ठरलेली. अशी वर्षे काढलेला माणूस सुटतो तेव्हा आपल्या करणीचा आपल्या भोगण्याशी काही संबंध असतो, हेच तो विसरलेला असतो.

आता ममतावाद्यांकडे वळू. बोलपटात कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या जेलरचे डोळे सर्वांच्या लक्षात राहिले, बाजाराचा प्रसंग मात्र थोड्यांच्या. कैदी आपण पिकविलेली भाजी रास्त भावाने विकतात, व्यापारी त्यांना झोडपतात, आणि जेलरला शब्द दिला म्हणून ते हात उचलीत नाहीत. त्या शब्दाला वजन आले ते नुसत्या डोळ्यांमुळे नव्हे. गमावण्याजोगे काहीतरी स्वकष्टाने हाती आले होते, म्हणून. स्वतंत्रपुरात तर हे अधिकच उघड आहे. पाणी वेळेवर दिले नाही तर पीक वाळते आणि त्यासाठी कोणा शिपायाने दंडुका उगारावा लागत नाही. चांगल्या वागणुकीने माफी वाढते. गैरवर्तन झाले तर पुन्हा भिंतीआड रवानगी होते आणि बायकामुलांचा सहवास तुटतो. याला सौम्यपणा म्हणणाऱ्यांनी तो एकदा भोगून पाहावा! येथे परिणाम कृतीला लागून येतो, आणि माणसाला आपले वर्तन आपल्याच हिशेबात मांडावे लागते. ममतेची योग्यता मी नाकारीत नाही. परंतु विश्वास टाकणे म्हणजे, ज्याच्यावर तो टाकला त्याला राखण्यासारखे आणि हरवण्यासारखे काही देणे, एवढाच ममतेचा व्यवहारातील अर्थ मला दिसतो.

राहिला एक आक्षेप, आणि तो पोकळ नाही: तेथे जातात ते चांगल्या वर्तनाचे, निवडलेले कैदी, तेव्हा ते सुधारतात यात वसाहतीचे श्रेय काय? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य आहे. परंतु ही निवडच, जर ती उघड नियमाने होत असेल, तर भिंतीआडच्या शेकडो जणांच्या वर्तनाला प्रथमच एक गाठता येणारे फळ देते. दोष आहे तो संख्येचा आणि गुप्ततेचा. तुरुंगात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकास पहिल्याच दिवशी, कोणत्या वर्तनाने आणि किती मुदतीत खुल्या वसाहतीचा हक्क लागतो, हे त्याच्या भाषेत लेखी मिळावे. आणि आटपाडीसारख्या वसाहती इतक्या तरी निघाव्यात, की तो कागद फसवा ठरू नये.