भयाचा प्रामाणिक व्यवहार

'सायको' (१९६०) या चित्रपटातील रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता. कृष्णधवल पडद्यावर तो रक्तासारखाच गडद दिसे. २०१८ च्या 'तुंबाड'मधील भेसूर वृद्धा म्हणजे कृत्रिम त्वचेच्या थरांखाली दडलेला मोहम्मद समद हा बालकलाकार. या युक्त्या उघड झाल्या तरी आपली फसवणूक झाली, अशी तक्रार कोणी करीत नाही. प्रेक्षक तिकिटाचे दाम मोजून जाणूनबुजून भय विकत घेतो आणि विक्रेताही त्याची कृत्रिमता नाकारीत नाही.

हीच विद्या भोंदूबुवाच्या हाती पडताच व्यवहार पालटतो. सुरीला मिथिल ऑरेंज लावून लिंबू कापल्यास आम्लामुळे तांबडा रंग उमटतो. तेच करणीचे रक्त ठरवून दक्षिणा उकळली जाते. येथे आपण काय विकत घेतो आहोत, हेच ग्राहकाला ठाऊक नसते.

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, हे उचितच झाले. परंतु कायद्याकडे धाव घेतली जाते ती बहुधा फसवणूक झाल्यानंतर. म्हणून तेलगावसारख्या साखर कारखान्याच्या गावी, ऊसतोड कामगारांची मुले ज्या वर्गात बसतात, तेथे शिक्षकांनी हे लिंबू एकदा सर्वांसमक्ष कापावे. आम्ल ओळखण्याचे हे रसायन प्रयोगशाळेतलेच आहे. अधिकचा खर्च एका लिंबाचा.