आधी तपासा, मग फोन लावा



घरातले यंत्र बंद पडले की आपण त्याला दोन थपडा मारतो, नाहीतर दुरुस्तीवाल्याला बोलावतो. तिसरी वाटही आहे. ती संगणकाच्या हौशी मंडळींकडून शिकावी, असे आम्हांस वाटते.

१९७८ साली अमेरिकेत शिकागोला वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी सूस यांनी पहिला संगणकी 'बुलेटिन बोर्ड' सुरू केला. एकाच्या घरी टेलिफोनला जोडलेला संगणक. इतरांनी फोन लावून त्यावर निरोप लिहायचे व वाचायचे. आपल्या देशात १९८९ साली अतुल चिटणीस यांनी बंगलोरला असा बोर्ड काढला. सर्वांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

हे काम मोडेम करी. संगणकाची अक्षरे तो आवाजात बदली आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजाची पुन्हा अक्षरे करी. पण टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी केलेली. तिच्यात थोडी खरखर झाली तरी अक्षरे बिघडत.

ताडकळससारख्या गावातून शहरातला बोर्ड लावायचा म्हणजे एसटीडी. पलीकडे फोन उचलला गेला की मीटर सुरू. मोडेमची जोडणी जमली नाही तरी पैसे गेलेच. म्हणून जाणकार आधी तपासणी करीत आणि तीही क्रमाने.

प्रथम साधा फोन कानाला लावायचा. खरखर असेल तर दोष तारेत, मोडेमला हात लावायचा नाही. मग त्याच लाइनवरचा दुसरा फोन काढून ठेवायचा. नंतर संगणकावरून मोडेमला 'एटी' एवढेच लिहायचे. 'ओके' आले तर दोघांचे बोलणे ठीक. नाही आले तर केबल किंवा पोर्ट पाहायचे. नंबरच फिरत नसेल तर जुन्या एक्स्चेंजसाठी टोनऐवजी पल्स लावायचे, म्हणजे 'एटीडीटी'च्या जागी 'एटीडीपी'. जोडणी होऊनही पडद्यावर सगळीच भलती चिन्हे दिसली तर दोन्हीकडची मांडणी जुळत नाही असे समजायचे. मधूनमधून दिसली तर तारेत खरखर. तेव्हा वेग १४४०० वरून ९६०० वर आणायचा. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

आज ते बोर्ड जवळपास राहिले नाहीत. पण मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. शेवटच्या तारखेला नेट गेले की घर हवालदिल होते. तेव्हाही हाच क्रम ठेवा. वीज आहे का, तार घट्ट बसली आहे का, डब्यावरचे दिवे काय सांगतात, दुसऱ्या मोबाइलवर नेट चालते का, हे पाहा. जे आढळले ते वहीत वेळेसह लिहा आणि मगच तक्रार करा. 'नेट बंद आहे' म्हणणाऱ्याला टोलवणे सोपे असते. 'तार ठीक, डबा चालू, तुमच्याकडून सिग्नल नाही' असे सांगणाऱ्याला टोलवणे जड जाते.

ही तपासणी घरातल्या मुलामुलींना आजच करायला लावा. अर्जाच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.