गाडी सुरू झाली, बॅटरीचं काय?

सेल्फ मारला आणि नुसता 'टक्' असा आवाज आला, की पूर्वी सोसायटीचा वॉचमन, दूधवाला आणि समोरच्या इमारतीतले दोन काका एवढा फौजफाटा धक्का मारायला जमवावा लागे. आता डिकीतून जाडजूड पुस्तकाएवढा एक डबा निघतो. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, पुन्हा सेल्फ, आणि गाडी सुरू. पोर्टेबल जंप स्टार्टर नावाची ही वस्तू गेल्या काही वर्षांत पंक्चरच्या पंपाशेजारी जाऊन बसली आहे आणि तिची गरजही खरी आहे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला आणि हँडल मारण्याचं कष्टाचं काम बॅटरीच्या गळ्यात पडलं. आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या डिकीत ते हँडल पुढेही बरीच वर्षं पडून असायचं. आज ना हँडल आहे, ना ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांना धक्क्याचा उपयोग. तेव्हा डबा हवाच. माझं म्हणणं वेगळं आहे. हा डबा गाडी सुरू करतो आणि ती बंद का पडली होती हा प्रश्नही त्याच झटक्यात मिटल्यासारखा वाटायला लावतो. आपल्या हवेत तर हा गैरसमज जास्तच महागात पडतो.

थोडा हिशेब करू. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण दीडशे अँपिअर ओढतो, तोही दोन सेकंद. हे झाले तीनशे अँपिअर-सेकंद, म्हणजे एका अँपिअर-तासाचा जेमतेम बारावा हिस्सा. गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. जंप स्टार्टरवर १२,००० एमएएच असं ठसठशीत छापलेलं असतं, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बारा व्होल्टच्या हिशेबात ते चार अँपिअर-तासही भरत नाहीत. तरीही गाडी सुरू होते, कारण सुरू होण्यापुरती वीज लागतेच मुळी चिमूटभर; लागतो तो क्षणभराचा जोर. म्हणजे गाडी सुरू झाली यावरून डब्यात जोर आहे एवढंच कळलं, बॅटरीबद्दल काहीच कळलं नाही. उलट, स्वतःच्या पोटातला बारावा हिस्सा अँपिअर-तासही जी बॅटरी देऊ शकली नाही, ती एकतर पार उतरली आहे किंवा आतून खलास झाली आहे. या दोन गोष्टी निराळ्या आहेत आणि सगळा घोळ त्या एकच समजण्यात आहे. रात्रभर आतला दिवा चालू राहिला, तर बॅटरी नुसती उतरते. अशा वेळी जंप स्टार्टर मारून नंतर ती नीट चार्जिंगला लावली की विषय संपतो. बॅटरी म्हातारी झाली असेल, तर मात्र आजचा जंप म्हणजे उद्याच्या जंपची तारीख घेणं.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की गाडी अर्धा तास फिरवली की अल्टरनेटर बॅटरी भरून टाकतो. अल्टरनेटरचं काम मुळात चालत्या गाडीची वीज भागवणं आणि सेल्फने खर्च केलेली चिमूटभर वीज परत घालणं हे आहे. रिकामी बॅटरी भरणं हा त्याच्यावर लादलेला जादा बोजा आहे. एसी चालू, वायपर चालू, हेडलाइट चालू आणि गाडी सिग्नलला मुंगीच्या पावलाने सरकते आहे, अशा वेळी बॅटरीच्या वाट्याला येणारा प्रवाह तुटपुंजा असतो. त्यातही लेड-अ‍ॅसिड बॅटरी सुरुवातीला भराभर घेते आणि भरत आली की हात आखडते. शेवटचा टप्पा तासन्‌तास चालतो. घर ते ऑफिस पाच किलोमीटर चालणारी गाडी म्हणून कायम अर्धपोटी राहते. अर्धपोटी बॅटरीत लेड सल्फेटचे स्फटिक प्लेटांवर घट्ट बसतात आणि मग ते चार्जिंगनेही विरघळत नाहीत. बॅटरीवाले ज्याला 'प्लेटा गेल्या' म्हणतात, त्यातला बराच भाग हाच. उभ्या गाडीचाही खर्च चालू असतो: घड्याळ, अलार्म, वरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस. पन्नास मिलिअँपिअरची गळती धरली तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे पंधरा दिवसांत ३५ ची बॅटरी निम्मी. २०२० च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्यांचं काय होत होतं, ते यावरून ताडता येईल.

आता हवेकडे वळू, कारण जंप स्टार्टरची जाहिरात जिथून आली तिथे बर्फ पडतो. जर्मनीत एडीएसी ही वाहनचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची दरवर्षी मोजदाद करते; अलीकडच्या वर्षांत त्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक प्रकरणांत दोष बारा व्होल्टच्या बॅटरीचा निघाला. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल दाटतं, बॅटरीचा जोर कमी पडतो. बॅटरीवर लिहिलेला सीसीएचा आकडासुद्धा उणे १८ अंशांचा असतो: तेवढ्या थंडीत तीस सेकंद किती अँपिअर देता येतात, याचा. शिकागोत किंवा टोरंटोत राहणाऱ्या मराठी माणसाला हा आकडा पाठ असायला हवा. अकोल्याच्या माणसाला उणे १८ शी काय देणं-घेणं? त्याच्या बॅटरीचा वैरी वैशाख आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. उष्णतेने पाणी उडतं, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, आणि बॉनेटखाली तर बाहेरच्या उन्हाहूनही जास्त उकाडा. गंमत म्हणजे गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही. गरम इंजिन हलक्या हाताने फिरतं, म्हणून मे महिना निभावून जातो आणि पावसाळ्यातल्या किंवा डिसेंबरातल्या एखाद्या गार सकाळी बॅटरी हात वर करते. मालक म्हणतो, कालपर्यंत तर ठणठणीत होती.

"बॅटरी सांगून थोडीच जाते?" हा आक्षेप त्यामुळे मला अर्धाच पटतो. पूर्वी ती सांगत असे: सेल्फ रडतखडत फिरे, बॅटरीत पाणी टाकताना कुठला सेल कोरडा पडलाय ते दिसे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या एकदोन फेऱ्यांतच पेट घेतात, त्यामुळे अशक्त बॅटरीही दिवस ढकलते, आणि मेंटेनन्स-फ्री बॅटरीचं झाकण उघडून बघायची सोय नाही. कानावर आणि डोळ्यावर भरवसा ठेवण्याचे दिवस गेले, हे खरं. पण मापावर ठेवता येतो. काहीशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर घ्या आणि रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खूप खाली कोसळला, तर बॅटरीकडे संशयाने बघा. गाडी सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःहून हा आकडा खालीवर करतो, तो दोष नव्हे). पूर्ण चार्ज केलेली बॅटरी कसलीही गळती नसताना एका रात्रीत १२.४ च्या खाली येत असेल, तर ती गेली. त्यानंतर जंप स्टार्टर वापरणं म्हणजे दुकानात जाणं लांबवणं. "मी काही मेकॅनिक नाही" ही सबब इथे चालणार नाही. टायरची हवा बघायला तरी कुठे मेकॅनिक लागतो?

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. रात्री अकराला घाटात एकट्या बाईची गाडी बंद पडली, मोबाइलला रेंज नाही, तर तिने मल्टिमीटर घेऊन काय करायचं? काही नाही, तिला जंप स्टार्टरच हवा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही तो लागू शकतो, कारण मोठी बॅटरी भरलेली असली तरी कुलपं आणि कॉम्प्युटर जागे करणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी निराळी असते आणि ती उतरली की लाखमोलाची गाडी जागेवर ठप्प. पण मग त्या डब्यावर विसंबता येईल अशा अवस्थेत तो असला पाहिजे. आत लिथियमचे सेल असतात आणि ऊन त्यांनाही सोसत नाही. साठ अंशांच्या आसपास त्यांची मर्यादा येते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात तासभर उभ्या गाडीचा आतला भाग सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. विदर्भातला मे त्याहून सौम्य नसतो. तेव्हा तो डबा डॅशबोर्डवर तर नकोच, उन्हाळ्यात तो घरातच ठेवा आणि प्रवासाला निघताना सोबत घ्या. तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा, नाहीतर गाडी वाचवणारा स्वतःच उतरलेला निघतो. खरेदी करताना 'पीक २००० अँपिअर'ला भुलू नका. तो क्षणार्धाचा आकडा असतो. उलटे चिमटे लावले तर वीज सोडणार नाही, अशी सोय आहे का ते बघा, आणि बूस्टचं बटण दाबलं की बऱ्याच डब्यांत ही राखण बंद होते हेही ध्यानात ठेवा. गाडी सुरू झाली की चिमटे लगेच काढा.

महिन्याभरात दुसऱ्यांदा जंप द्यावा लागला, तर तिसऱ्याची वाट न बघता बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गळती निघाली तर ती थांबवता येते, अल्टरनेटर मंद असेल तर तो दुरुस्त होतो, आणि बॅटरीच गेली असेल तर वॉरंटीचं कार्ड शोधता येतं. त्यावरचं '१८+१८' म्हणजे छत्तीस महिने फुकट बदली नव्हे. पहिले अठरा महिने मोफत, पुढच्या अठरांत वापराच्या प्रमाणात सूट. नवी घेताना ती कधी बनली ते वाचा, कारण दुकानातल्या फळीवरही बॅटरी उतरत असते. आणि जुनी भंगारवाल्याला न देता दुकानातच परत करा: २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि निकामी झालेल्या जंप स्टार्टरमधली लिथियम बॅटरीही त्याच नियमांत येते.