विश्लेषण : रात्री दहाच्या नियमात तमाशातील 'वग' का अडकतो?

चैत्र लागला की पिंपरीतील संत तुकाराम नगरलगतच्या वल्लभनगर एसटी स्थानकात गावच्या जत्रेला निघालेल्यांची गर्दी होते. जत्रेत कुस्त्यांचा आखाडा असतो, पालखी असते आणि रात्री तमाशा. पण पहाटेपर्यंत रंगणारा हा खेळ आता अर्ध्यावर आटोपावा लागतो. असे का होते?

नियम काय आहे?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बंदीवर शिक्कामोर्तब केले. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना ही बंदी लागू नाही. त्यामुळे संत तुकाराम नगरच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात दहानंतरही लावणीचा कार्यक्रम चालू शकतो. गावच्या माळावरील कापडी तंबूत मात्र नाही.

फटका वगालाच का?

ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला असतो : गण, गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे कथानक असलेले पूर्ण लोकनाट्य. जेवणे उरकून गाव तंबूत जमेपर्यंत नऊ वाजतात. दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा तर उरतो जेमतेम तासभर. तेवढ्या वेळेत गाणी आणि नाच होतात, वगाला जागाच राहत नाही. मग 'गाणीच हवीत तर डीजे काय वाईट?' असा विचार गावकी करू लागते.

सवलतीचे १५ दिवस पुरत नाहीत?

सवलतीचे दिवस जिल्हा प्रशासन ठरवते. ते प्रामुख्याने गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या आणि ३१ डिसेंबर यांत संपतात. जत्रा मात्र प्रत्येक गावाची वेगळ्या तिथीला. फडांचा हंगाम साधारण दसऱ्यापासून वैशाखापर्यंत आणि खरी कमाई चैत्र-वैशाखात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावातील राहुट्यांत गावोगावचे कारभारी येऊन सुपारी ठरवतात. मोठ्या फडावर कलाकार, वादक, तंबू कामगार, चालक, आचारी अशी शंभरेक माणसे पोसली जातात. २०२० आणि २०२१ चे हंगाम करोनात बुडाल्यावर अनेक फडमालक कर्जात अडकले.

इतरत्र काय केले जाते?

मंगोलियाचे उदाहरण बोलके आहे. तेथील 'बियेल्गे' हे लोकनृत्य भटक्या पशुपालकांच्या गोल तंबूत जन्मले. जागा कमी, म्हणून हालचाल मुख्यतः हात, खांदे आणि छातीची. युनेस्कोने २००९ मध्ये ते 'तातडीने जतन करण्याच्या' यादीत घेतले. पुढच्या वर्षी कुस्ती, घोडदौड आणि तिरंदाजीचा 'नादाम' उत्सवही युनेस्कोच्या वारसा यादीत आला. ११ जुलैपासूनच्या या राष्ट्रीय उत्सवाला सरकारी सुट्टी असते. म्हणजे कलेची नोंद तर झालीच, शिवाय प्रसंगही राखला गेला.

भारतातून छाऊ आणि कालबेलिया २०१० मध्ये, तर गरबा २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. महाराष्ट्राचे एकही लोकनृत्य तेथे नाही. राज्य सरकार विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्काराने कलावंताचा मान राखला जातो; खेळाची रात्र त्याने परत मिळत नाही.

मग मार्ग काय?

नियम मोडणे हा मार्ग नाही. संत तुकाराम नगरातच रंगमंदिर आहे आणि यशवंतराव चव्हाण रुग्णालयही. रुग्णाची झोप हा हक्कच आहे. पण चार भिंतींना सूट आणि कापडी कनातीला नाही, यात तोटा होतो तो गावाच्या कलेचा. सवलतीच्या १५ दिवसांपैकी काही दिवस जिल्ह्याच्या सरसकट यादीऐवजी त्या-त्या गावाच्या जत्रेला देता येतील का, याचा विचार व्हायला हवा. खेळ सायंकाळी सातला सुरू करणे हा गावाच्या हातातला उपाय. यातले काहीच झाले नाही, तर तमाशा नावापुरता उरेल आणि वग फक्त ध्वनिफितींत ऐकायला मिळेल.