विश्लेषण : ई-वाहनात क्रँकशाफ्टच नसतो, मग ‘भारत फोर्ज’चे काय?

पनवेल : पुणे-चाकण पट्ट्यातून द्रुतगती मार्गाने कळंबोलीत उतरून न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरमधून वाहनांचे सुटे भागही परदेशी जातात. या निर्यातीतील मोठे नाव म्हणजे पुण्याची ‘भारत फोर्ज’. क्रँकशाफ्टवर मोठी झालेली ही कंपनी इंजिनाविना धावणाऱ्या वाहनांच्या काळात काय करत आहे?

क्रँकशाफ्ट म्हणजे काय?
पिस्टनची वर-खाली हालचाल चक्राकार गतीत बदलणारा इंजिनातील दांडा. ट्रकच्या इंजिनात त्यावर प्रचंड ताण येतो. त्यामुळे तो तापवलेल्या पोलादावर हजारो टनांचा दाब देऊन घडवतात. हेच फोर्जिंग.

कंपनी कशी वाढली?
नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१मध्ये तिची स्थापना केली. कारखाना मुंढव्यात उभा राहिला. १९७२मध्ये त्यांचे पुत्र, अभियंता बाबा कल्याणी रुजू झाले. पुढे जर्मन बनावटीचा १६ हजार टनांचा प्रेस आला आणि यांत्रिकीकरणाने निर्यातीचा मार्ग मोकळा झाला. २००३-०४मध्ये ‘कार्ल डान पेडिंगहाउस’ ही जर्मन कंपनीच तिने विकत घेतली.

आता अडचण काय?
बॅटरीवरील वाहनात पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट यांपैकी काहीच लागत नाही. जड ट्रकमध्ये हा बदल संथ आहे, कारण बॅटरीचे वजन वाढले की मालवाहतुकीची क्षमता घटते. म्हणजे वेळ आहे, पण अमर्याद नाही. त्यात अमेरिकेने मे २०२५पासून वाहनांच्या अनेक सुट्या भागांवर २५ टक्के आयातशुल्क लावले.

कंपनीने कोणता मार्ग काढला?
घडाईचे कसब तेच, गिऱ्हाईक नवे! मार्च २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने ३०७ ‘एटॅग्ज’ तोफांसाठी भारत फोर्ज आणि टाटा समूहातील कंपनीशी करार केले. त्याआधी ऑक्टोबर २०२४मध्ये ‘अमेरिकन ॲक्सल’चा भारतातील व्यापारी वाहनांच्या ॲक्सलचा व्यवसाय घेण्याचे भारत फोर्जने जाहीर केले. ट्रक डिझेलवर चालो वा बॅटरीवर, ॲक्सल लागतोच.

खरी काळजी कोणाची?
मोठ्या कंपनीकडे भांडवल आहे, प्रयोगशाळा आहेत. भोसरी-चाकणमध्ये दोन-चार सीएनसी यंत्रांवर इंजिनाचे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाकडे तोफांचे कंत्राट येत नाही. यंत्राचे हप्ते मात्र चुकत नाहीत. त्यामुळे आपल्या कामातील किती भाग इंजिनावर अवलंबून आहे, हा हिशेब त्याने आजच मांडायला हवा.