विश्लेषण : सातव्या मुलीला दिव्यदृष्टी मिळाली, पहिल्या सहा जणींचे काय?

झी मराठीवरील ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ ही मालिका सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये संपली. आठवड्याला पाच भाग धरले तरी हिशेब पाचशेच्या पुढे जातो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे आठ पर्वांत मिळून ७३ भाग झाले आणि जगाने तिला महामालिका म्हटले. आपल्याकडे तेवढे भाग साडेतीन-चार महिन्यांत उरकतात! तरीही मराठीतल्या या प्रदीर्घ अद्भुतकथेची चर्चा टीआरपी आणि मीम्स यांच्यापलीकडे फारशी गेली नाही. ती व्हायला हवी, कारण तिच्या नावातच महाराष्ट्राची एक जुनी जखम दडली आहे.

मालिकेत होते काय?

नेत्रा या तरुणीला घडणाऱ्या गोष्टी आधीच दिसतात. त्रिनयना देवीचा तिच्यावर वरदहस्त आहे आणि विरोचक या असुरी शक्तीचा नाश तिच्या हातून व्हायचा आहे. तितीक्षा तावडे नेत्राच्या, अजिंक्य ननावरे अद्वैतच्या आणि ऐश्वर्या नारकर खलनायिका रूपालीच्या भूमिकेत होत्या. मूळ कल्पना ‘त्रिनयनी’ या बंगाली मालिकेची. पण नाशिक जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला ती परकी वाटण्याचे कारणच नव्हते. वणीच्या गडावरची अठरा हातांची सप्तशृंगी महिषासुरमर्दिनीच आहे. चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांना असुर म्हणजे काय आणि त्याला मारते कोण, हे सांगावे लागत नाही. आपल्या अद्भुतकथेला ड्रॅगनची गरज पडत नाही, ती अशी.

‘सातवी’च का?

सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला दैवी शक्ती असते, अशी समजूत युरोपच्या लोककथांत जुनी आहे. तिथे तो मुलगा असतो. इथे मुलगी झाली, आणि एवढ्या एका बदलाने गोष्टीचा अर्थच पालटला.

घरात सात मुली का होतात? हे आपल्याकडे कुणाला विचारावे लागत नाही. मुलगा हवा म्हणून वाट पाहिली जाते आणि दर वेळी पाळण्यात मुलगी येते. तिसरी-चौथी आली की तिचे नावच ‘नकुशी’ ठेवण्याची रीत होती. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींचे नव्याने बारसे करण्यात आले, ते याचसाठी. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो महाराष्ट्राने. त्यानंतरही २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली निघाल्या ८९४. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. आता सातवी मुलगी होतच नाही. ती होऊ नये याची सोय सोनोग्राफीच्या खोलीत लागली.

अशा राज्यात एका वाहिनीने सातव्या मुलीला, तीही सातव्या मुलीच्या पोटची, घराची तारणहार केले. लेखकांच्या मनात हे होते की नाही कोण जाणे. पण प्रेक्षकाच्या मनात ते नक्की पोहोचते. लागोपाठ मुली झाल्या म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्लेली एखादी आजी ही मालिका पाहत असेल, तर तिला नेत्राचा विजय विरोचकावरचाच वाटेल असे नाही.

मग आक्षेप कशाला?

एक नेहमीचा आक्षेप अंधश्रद्धेचा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये करणाऱ्या राज्यात देवी, साक्षात्कार, राक्षस कशाला, असा प्रश्न येतो. मला तो फार जड वाटत नाही. कायदा आहे तो लोकांना फसवणाऱ्या आणि छळणाऱ्या बुवांसाठी. गोष्टीतला राक्षस कुणाची जमीन लिहून घेत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. नेत्राची शक्ती तिला जन्माने मिळते आणि ती वापरायची कुठे, तर सासरच्या घरात. घरच्यांवर संकट, तिला ते आधी दिसणे, तिचे कुणी न ऐकणे, मग तिचे खरे ठरणे. हे चक्र वर्षानुवर्षे फिरते, कारण रोजच्या मालिकेला शेवट परवडत नाही. भविष्य दिसणाऱ्या बाईलाही रोज नव्याने सिद्ध व्हावे लागते! घरोघरच्या सुनांचा अनुभव बहुधा असाच असेल, म्हणून ते पटतेही. पण ती काही शिकत नाही, हरून पुन्हा उभी राहताना तिचा हात अधिक तयार होत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली आर्या स्टार्क लहानपणी हातात आलेल्या बारीक तलवारीपासून सुरुवात करते, मार खाते, काही काळ तिची दृष्टीही जाते. शेवटी ती नाइट किंगला मारते तेव्हा आपण तिची सारी तालीम पाहिलेली असते. आपल्या नायिकेच्या वाट्याला तालीम येत नाही, वर येतो.

मराठीत हे आजचे नाही. १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि त्यानंतरची ‘मंजुघोषा’ या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची नावे नायिकांवरूनच आहेत. पराक्रमाचा मान मात्र त्यांच्याकडे नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून क्रमशः लिहिलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ने खऱ्या घरातल्या खऱ्या मुलीची गोष्ट सांगितली आणि अद्भुत मागे पडले. ते परतले ते टीव्हीवर.

देवळालीत काय दिसते?

देवळाली कॅम्पात तोफांचा आवाज ही बातमी नसते. पण तोफखान्यात मुली येणे ही बातमी होती. एप्रिल २०२३ मध्ये चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून बाहेर पडलेल्या पाच तरुणींना प्रथमच रेजिमेंट ऑफ आर्टिलरीत नेमणूक मिळाली. तेव्हा नेत्राची मालिका पहिल्याच वर्षात होती. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांचे पुढचे प्रशिक्षण देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत होते. नाशिकमध्ये मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही २०२३ मध्येच सुरू झाली. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशामुळे एनडीएत शिरलेल्या मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्या होत्या सतरा.

या मुलींना भविष्य दिसत नाही. तोफेचा गोळा कुठे पडेल हे त्यांना गणिताने काढावे लागते: अंतर, उंची, वारा, तापमान. एक आकडा चुकला की गोळा दुसरीकडे.

यातून मालिका होऊ शकते का? निर्माते म्हणतील, सासू कुठे आहे? असू द्या की सासू. विरोचकही असू द्या, मला त्याची हौस आहे. फक्त पुढच्या वेळी नायिका सहावी मुलगी असावी. तिला वर नाही, शक्ती नाही, आणि धाकट्या बहिणीला सगळे मिळालेले. ती धावायला शिकते, नकाशा वाचायला शिकते, पहिल्या परीक्षेत नापास होते. तिचे पाचशे भाग मी पाहीन.