यंत्राची नजर आणि मजुरीचा खाडा

बारामतीच्या उसाच्या फडाकडे आता उपग्रह पाहतो. जमिनीत ओल किती आहे, रोगाची लागण कोठे होऊ पाहते, पाणी केव्हा द्यावे, हे शेतकऱ्याच्या हातातील फोनवर सांगणारी व्यवस्था तेथील कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उभी केली. २०२५ च्या आरंभी खुद्द सत्या नाडेला यांनी तिची वाखाणणी केली, तेव्हा बारामतीकरांना अभिमान वाटला हे स्वाभाविकच होते. त्याच फडात कोयता घेऊन उतरणाऱ्या बाईच्या शरीरात दहा-दहा वर्षे मुकाट्याने वाढणारा एक रोग मात्र अजूनही बहुधा हाताबाहेर गेल्यावरच डॉक्टरपुढे येतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा तो रोग होय. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची नजर त्याच्याकडेही वळली आहे. बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांत ही नजर कोणत्या अटींवर यावी, याचा विचार यंत्र दारात येण्यापूर्वी झालेला बरा.

रोगाचा व्याप लहान नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लक्ष २७ हजार स्त्रियांना तो नव्याने जडला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या रोगाने जगात होणाऱ्या दर चार मृत्यूंपैकी जवळजवळ एक मृत्यू भारतात होतो. आणि तरीही वैद्यकशास्त्राला टाळता येण्याजोगा कर्करोग कोणता, असे विचारले तर पहिले नाव याचेच घ्यावे लागेल. एचपीव्ही या विषाणूच्या काही जाती त्याचे कारण आहेत. हे दाखवून देणारे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच्या शिरकावापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास दहा-पंधरा वर्षांचा, कधी त्याहूनही लांबचा असतो. वाटेतच तो सापडला तर काही मिनिटांच्या उपचाराने थांबतो. आणि आपल्याकडची स्थिती काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे ज्यांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती अशा दोनही आढळल्या नाहीत.

नवे उपकरण दिसावयास साधेच आहे. पुण्याच्या पेरीविंकल टेक्नॉलॉजीज या कंपनीचे 'स्मार्ट स्कोप' हे त्याचे जवळचे उदाहरण. हातात मावणारा कॅमेरा, त्याला जोडलेला पाटीएवढा पडदा. गर्भाशयाच्या मुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावावयाचे, छायाचित्र घ्यावयाचे, आणि पांढरी पडलेली जागा संशयास्पद आहे की नाही हे संगणकाने सांगावयाचे. तज्ज्ञ डॉक्टर खेड्यात जात नाही. ही उणीव यंत्राने भरून काढावी, असा हा विचार आहे.

परंतु यातील आम्लाचा भाग नवा नाही, आणि तो महाराष्ट्राला तर मुळीच नवा नाही. १९९८ पासून टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या मुली डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. ज्या वस्त्यांत त्यांनी दर दोन वर्षांनी ही आम्लाची तपासणी केली, तेथे या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये जगापुढे आले. त्याआधीचा धडा तर इंदापूरच्या अधिक जवळचा आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १ लक्ष ३१ हजारांवर स्त्रियांचे चार गट करून तीन पद्धतींची तुलना झाली. त्या कामात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा मोठा वाटा होता, आणि इंदापूरकराला बार्शी पुण्यापेक्षा जवळ आहे. आठ वर्षांनंतरचा हिशेब असा निघाला : ज्या गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झाली, त्यात या रोगाने ३४ मृत्यू झाले, जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या, तपासणी न झालेल्या गटात ६४ झाले. आम्लाच्या तपासणीचा मात्र तेथे म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही.

एकच आम्ल मुंबईत उपयोगी पडते आणि उस्मानाबादेत पडत नाही, याचे एक कारण फेऱ्यांच्या संख्येत आहे. मुंबईत तपासणी पुनःपुन्हा झाली, उस्मानाबादेत एकदाच. दुसरे कारण पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. पांढरेपणा कोणाला किती दिसावा याला माप नाही. यंत्राची खरी उपयुक्तता येथे आहे आणि ती नाकारणे हा केवळ हटवादीपणा होईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कोस्टारिका देशातील नऊ हजारांवर स्त्रियांची जुनी छायाचित्रे संगणकापुढे ठेवली, तेव्हा त्याने ती माणसांपेक्षा अधिक अचूक वाचली. मात्र त्याच वाटेने पुढे गेलेल्या संशोधकांना असेही आढळले, की एका कॅमेऱ्याच्या चित्रांवर शिकलेले यंत्र दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांपुढे अडखळते. शिवाय पन्नाशीनंतर तपासावयाची जागा गर्भाशयमुखाच्या आत सरकते. जे कॅमेऱ्याला दिसतच नाही त्याबद्दल त्याची बुद्धिमत्ता काय सांगणार? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिली तपासणी म्हणून विषाणूचीच चाचणी घ्यावी, असे सुचविले. तिचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, आणि लाजेचा प्रश्न बराचसा तेथेच मिटतो. कॅमेऱ्याची योग्य जागा दुसऱ्या पायरीवर आहे : विषाणू सापडलेल्या स्त्रियांपैकी उपचार कोणाला हवा, हे निवडण्याच्या कामी. विषाणूची चाचणी महाग म्हणून कॅमेरा पहिल्या पायरीवर आणावयाचा, हा हिशेब वरवर काटकसरीचा वाटतो. तो तसा आहे काय, हे पाहावयास हवे.

समजा, इंदापूर तालुक्यातील एका शिबिरात एक हजार स्त्रिया आल्या, आणि त्यांपैकी दहा जणींना खरोखरीच धोक्याची पूर्वावस्था आहे. यंत्र चांगले आहे. दहांपैकी नऊ त्याने अचूक ओळखल्या. उरलेल्या नऊशे नव्वद निरोगी स्त्रियांपैकी शेकडा दहांना त्याने चुकून संशयित ठरविले, तर त्या नव्व्याण्णव झाल्या. म्हणजे 'दोष आहे' असा निरोप घेऊन घरी जाणाऱ्या एकशे आठ जणींमध्ये खऱ्या दोषाच्या नऊच. बारांत केवळ एक. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण रोग विरळ असला की गणित असेच पडते. त्यात यंत्राचा अपराध नाही. प्रश्न आहे तो या एकशे आठ जणी दुसऱ्या दिवशी कोठे जातात, हा.

याचे एक उत्तर बीड जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात त्या जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. शेकडा सतराच्या आसपास. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, एवढ्या तक्रारीवर 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असे भय घातले गेल्याच्या कहाण्या त्या वेळी वृत्तपत्रांतून आल्या होत्या. तेथे भय घालण्यासाठी तोंडचे शब्द पुरले. उद्या त्याच भयाच्या हाती रंगीत छायाचित्र आणि संगणकाचा अहवाल पडला तर? पूर्वावस्थेतील दोषासाठी सहसा गर्भाशय काढावे लागत नाही. उष्णतेच्या शलाकेने ती जागा मिनिटभरात जाळता येते, किंवा तेवढाच भाग काढता येतो. भूलही बहुधा लागत नाही. पण हा उपचार सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी, त्याच दालनात मिळाला नाही, तर बाई खासगी दवाखान्याच्या पायऱ्या चढणार हे उघड आहे, आणि तेथे लहान उपचारापेक्षा मोठ्या शस्त्रक्रियेत प्राप्ती अधिक असते. स्वस्त तपासणी ही महागड्या शस्त्रक्रियेची गिऱ्हाइके जमविणारी यंत्रणा ठरू शकते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटू नये.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा आहे, शिकणारी मुले-मुली आहेत. यंत्राची खरेदी होण्यापूर्वी त्या महाविद्यालयात आठवड्याचा एक वार या उपचारासाठी राखून ठेवला जावा आणि दोन्ही तालुक्यांतील संशयित स्त्रियांची एकच नोंदवही तेथे असावी. शिबिराचा अहवाल सामान्यतः किती जणी तपासल्या एवढेच सांगतो, कारण तो आकडा मोठा दिसतो. संशयित किती, त्यांपैकी ऊतींच्या परीक्षेनंतर खऱ्या किती, उपचार पुरा झालेल्या किती आणि गर्भाशय काढलेल्या किती, हे आकडे दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध झाले, तर यंत्राची परीक्षाही आपोआप होईल आणि डॉक्टरांचीही. स्त्रियांची छायाचित्रे कोणाच्या मालकीची, ती यंत्राला शिकविण्यासाठी वापरावयाची तर संमती कोणत्या शब्दांत घ्यावयाची, हेही मराठीत लिहून दिलेले असावे. अंगठा उठवून घेतलेली संमती ही संमती नव्हे.

राहता राहिला प्रश्न त्या फडातल्या बाईचा. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावयाची आहे. आशा सेविका घरोघर जाऊन याद्या करतात. या याद्या गावच्या रहिवाशांच्या असतात. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या गाळपासाठी दिवाळीच्या सुमारास ज्या टोळ्या बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून येतात, त्यांतील बाई पाच-सहा महिने येथे राहूनही येथल्या यादीत नसते, आणि गावच्या यादीत नाव असले तरी ती त्या वेळी गावात नसते. ज्या स्त्रीला तपासणीची गरज कदाचित सर्वांत अधिक, तिच्याच बाबतीत दोन्हीकडची नोंदवही कोरी राहते.

शिवाय तिच्या दिवसाला किंमत आहे. मुकादमाच्या हिशेबात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी; दोघांनी मिळून उचल घेतलेली असते. त्यांतील एकाने दिवस मोडला तर त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. तपासणी फुकट आहे असे आपण म्हणतो तेव्हा हा दंड आपल्या हिशेबात नसतो. तिच्या हिशेबात तो पहिला असतो. तपासणीला एक खाडा, अहवालाला दुसरा, उपचाराला तिसरा. यंत्राने निर्णय त्याच ठिकाणी थोड्या वेळात दिला, तर यांतला एक खाडा खात्रीने वाचतो, आणि त्याचे खरे मोल या भागात तरी हेच आहे. उरलेल्यांची भरपाई कोणीतरी करावयास हवी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ राज्याने उभे केले आहे आणि त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत, तेवढीच भर सरकारने घालावी, असे ठरलेले आहे. तपासणीच्या व उपचाराच्या दिवशीची मजुरी त्या निधीतून द्यावी, आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये असे कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीच्या करारातच मुकादमाकडून लिहून घ्यावे. करार पावसाळ्यात होतात. कॅमेरा त्यानंतर आला तरी चालेल.